आजोबांची येझदी उभी करू, रेसला उतरवू की नोकरी सोडू?

ऐरोलीच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय चोवीस, मेकॅनिकल डिप्लोमा, महापे एमआयडीसीत एका कंपनीच्या मेंटेनन्सला शिफ्टची नोकरी. आजोबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात होते. त्यांची १९७९ ची येझदी रोडकिंग कळव्याच्या जुन्या चाळीत जिन्याखाली अकरा वर्षं उभी आहे. आजोबा आता नाहीत. याला ती गाडी उभी करायची आहे, तीच डर्ट ट्रॅकच्या, म्हणजे मातीवरच्या, रेसला उतरवायची आहे आणि नोकरी सोडून जुन्या बाईक आणि ऑफ-रोड जीपचं काम हाच धंदा करायचा आहे. शेवटी लिहिलंय, "दादा, सुरुवात कुठून करू आणि किती पैसे लागतील?"

मी वागळे इस्टेटला गाळा घेऊन सव्वीस वर्षं हेच काम करतोय. त्याआधी चार वर्षं कुर्ल्याला एका वस्तादांच्या हाताखाली होतो. मधली नऊ वर्षं डर्ट ट्रॅकवर गाडी चालवली, खांद्याचं हाड मोडल्यावर थांबलो. त्यामुळे तुझ्या तिन्ही इच्छा मला आतून कळतात, आणि म्हणूनच सविस्तर लिहितोय.

तू पैसे किती लागतील असं विचारलंयस, पण तुझी खरी अडचण वेगळी आहे. एकाच गाडीने तुझी तीन कामं करावीत अशी तुझी अपेक्षा आहे: आजोबांची आठवण जपायची, रेस धावायची आणि पोटही भरायचं. या तीन कामांना तीन वेगळ्या गोष्टी लागतात. त्या वेगळ्या केल्यास की पैशांचा हिशेब आपोआप सुटा होतो.

रिस्टोरेशन, म्हणजे गाडी मूळ रूपात आणणं, आणि रेसिंग ही दोन उलट्या दिशेची कामं आहेत. रिस्टोअर करताना मी गाडीचा एकही जुना तुकडा फेकत नाही. गंजलेला नटसुद्धा डबीत ठेवतो, कारण त्याच्या डोक्यावरचा शिक्का आणि आट्यांचा पिच बघून नवा शोधायचा असतो. रेसची गाडी करताना नेमकं उलटं. हेडलाईट, इंडिकेटर, मेन स्टँड, साईड पॅनेल, भारी मडगार्ड सगळं उतरतं. हँडल बदलतं, फूटरेस्ट मागे आणि वर जातात, सस्पेन्शनची उंची बदलते, मागचं स्प्रॉकेट मोठं होतं. जिथे वेल्डिंग लागेल तिथे वेल्डिंग होतं, आणि चासीला एकदा ग्राइंडर लागला की ती गाडी परत पहिल्यासारखी होत नाही.

हे मी स्वतः केलंय. माझी रेसची पहिली गाडी म्हणजे वडिलांची राजदूत १७५. मागची सब-फ्रेम कापली, फूटरेस्टसाठी पट्ट्या वेल्ड केल्या, वजन कमी करायला जमेल तिथे भोकं पाडली. दोन मीट, म्हणजे स्पर्धा, धावली. तिसऱ्या मीटमध्ये उडीवरून उतरताना हँडलच्या हेडजवळ चासीला चीर गेली. वडील बघायला आले होते. काही बोलले नाहीत, फक्त खाली वाकून चीर कुठपर्यंत गेलीय ते बोटाने बघितलं. पुढे मला ती गाडी मूळ रूपात आणायची होती तेव्हा कळलं की चासी नंबरच्या शेजारीच मी वेल्डिंग केलंय आणि नंबरचे दोन आकडे वाचताच येत नाहीत. पासिंग झालं नाही. तिची टाकी आजही गाळ्यात वरच्या फळीवर आहे. तुझ्या आजोबांच्या गाडीचं असं व्हावं असं मला मनापासून वाटत नाही.

तू लिहिलंयस की येझदी ज्यातून आली त्या जावाच्या घराण्याला रेसिंगचा वारसा आहे. खरंच आहे. जावाच्या भावकीतल्या, चेक बनावटीच्या सीझेडवर जोएल रोबेर १९६४ मध्ये २५० सीसी मोटोक्रॉसचा (मातीच्या, उड्यांच्या ट्रॅकवरच्या रेसचा) विश्वविजेता झाला, पॉल फ्रीडरिक्सने ५०० सीसीत १९६६ ते १९६८ सलग तीन किताब घेतले. पण त्या गाड्या मोटोक्रॉससाठी म्हणून वेगळ्या बनवलेल्या होत्या. दुकानात विकली जाणारी रस्त्याची गाडी सोलून त्यांनी ते किताब घेतले नाहीत. तुझी रोडकिंग म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात रस्त्यासाठी बनलेली गाडी आहे. तो कारखाना १९९६ ला बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत बाजारात आलं, पण त्या नव्या गाड्या पूर्णपणे वेगळ्या आहेत, त्यांचे पार्ट तुझ्या गाडीला बसणार नाहीत. म्हणजे तुझ्याकडे जी आहे तेवढीच आहे.

तेव्हा माझं पहिलं मत स्पष्ट सांगतो: येझदी रेसला उतरवू नकोस. ती उभी कर, चालव, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला घेऊन ये. रेससाठी दुसरी गाडी घे.

आता येझदीकडे वळू. आपल्याकडे खाडीचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. अकरा वर्षं कळव्यात उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकमध्ये बाहेरचा गंज दिसतो तितका गंभीर नसतो, खरं नुकसान आत, क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखाली क्रँक फिरतो त्या पेटीत असतं. टू-स्ट्रोकला खाली वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलवरच क्रँकची बेअरिंगं जगतात. गाडी उभी राहिली की ते ऑइल निथळून खाली बसतं आणि वरच्या बाजूला हवेतली ओल लागते. बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक ठिपके पडतात. इंजिन फिरतं, सुरूही होतं, आणि शेदोनशे किलोमीटरनंतर आवाज यायला लागतो. म्हणून अशा गाडीला मी कधीच हाफ इंजिन काम करत नाही. पिस्टन-रिंगा बदलून बोअर मारून दिला की गिऱ्हाईक खूश होतं, पण खाली क्रँक तसाच राहतो.

त्याहून जास्त घात करतात क्रँकची ऑइल सील. रबर सुकून कडक झालेलं असतं. दिसायला ठीक दिसतं, पण बाजूने हवा खेचतं. कार्ब्युरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात ही जास्तीची हवा मिसळली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि घाटात कुठेतरी इंजिन पकडतं. माझ्या हातून एकदा हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा क्रँक वरून चांगला वाटला म्हणून मी केस फोडलीच नाही आणि सील तशीच ठेवली. माळशेज चढताना पिस्टन पकडला, मागचं चाक लॉक झालं. माणूस पडला पण वाचला. त्याचं इंजिन मी पदरचे पैसे घालून परत केलं, आणि तेव्हापासून टू-स्ट्रोक उघडली की सील नवी, पर्याय नाही.

क्रँकचं काम कुठल्याही लेथवाल्याकडे देऊ नकोस. हा क्रँक दोन पाट्यांमध्ये पिन प्रेसने बसवून जोडलेला असतो. नवा कनेक्टिंग रॉड घातला की दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आणावे लागतात. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावायचा, हाताने हळू फिरवायचा आणि काटा किती हलतो ते बघायचं. माझ्याकडे काटा दोन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर क्रँक परत जातो. तांब्याच्या हातोडीने एक ठोका, परत गेज, परत ठोका. कधी वीस मिनिटांत होतं, कधी अख्खी दुपार जाते. वागळे, राबोडी, कुर्ला, पुण्याची नाना पेठ, सगळीकडे हे करणारे हात आहेत, पण कमी होत चाललेत. ज्याच्याकडे डायल गेज नाही आणि "अंदाजाने बरोबर आहे" म्हणतो, तिथून क्रँक उचल आणि निघ.

पेट्रोलबद्दलही एक सांगतो, कारण रिस्टोअर करणारी नवी मुलं इथे हमखास फसतात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९७९ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पेट्रोल पाईप, कार्ब्युरेटरचे ओ-रिंग, कॉकमधलं वॉशर फुगतं किंवा ठिसूळ होतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल खेचतं. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून गाडी महिनाभर ठेवलीस तर तळाला पाणी बसतं आणि आतून गंज धरतो. तेव्हा रबराचं सगळं नव्या मटेरियलचं घाल, आणि गाडी ठेवायची असेल तेव्हा टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेव. ऑइल मिक्स करताना मोजून घाल, झाकणाने अंदाजे नको. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून बघ. टोक तांबूस तपकिरी हवं. पांढरं दिसलं तर गाडी तिथेच थांबव, कुठून तरी हवा शिरतेय.

डेंटिंग, पेंटिंग, क्रोम याबद्दल जास्त लिहीत नाही. पैसे असले की ते होतं, आणि इंजिन होईपर्यंत त्याला हात लावू नकोस.

खर्च विचारलास. तुझी गाडी बघितल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही, पण माझ्या गाळ्यात रोडकिंगचं पूर्ण काम, म्हणजे इंजिन, वायरिंग, चाकांचा आउट काढणं, रंग, क्रोम धरून गेल्या दोन वर्षांत लाखाच्या खाली कधी गेलं नाही. तू स्वतः उघडून, साफ करून, पार्ट शोधून आणलेस तर यातली मजुरी वाचते आणि तू शिकतोस. पार्टमध्ये एक तारतम्य ठेव. नवा म्हणून मिळणारा प्रत्येक पार्ट जुन्यापेक्षा चांगला नसतो. जुना मूळ कार्ब्युरेटर, घासलेला असला तरी, बरेचदा नव्या नकलेपेक्षा बरा चालतो.

कागदांचं काम मात्र इंजिनाच्याही आधी. आजोबांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं, पंधरा वर्षांवरच्या गाडीला ग्रीन टॅक्स आहे, आणि नवी सुरक्षित नंबर प्लेटही लावावी लागेल. आरसी बुक सापडतं का ते आज घरी विचार. इंजिन आणि चासी नंबर पुस्तकाशी जुळतात का ते बघ, पेन्सिलने घासून कागदावर ठसा घे. माझ्याकडे दोन गाड्या अशा आल्या की सगळं काम झाल्यावर कळलं, इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे.

तू 'विंटेज नंबर' घेण्याबद्दल विचारलंस. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडीच त्यात बसते. तुझी १९७९ ची अजून बसत नाही. आणि बसली तरी घाई करू नको, कारण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार. ज्याला गाडी शोकेसमध्ये ठेवायची आहे त्याच्यासाठी ते ठीक. आजोबांच्या गाडीवर बसून रविवारी मामलेदारची मिसळ खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच जप.

आता रेसिंग. इथे सगळ्यात आधी पैसा जातो तो अंगावरच्या सामानात, आणि जायलाच हवा. हेल्मेट, मोटोक्रॉसचे बूट, गुडघ्याचे ब्रेस, छातीचं कवच, मानेचा ब्रेस. माझा खांदा मोडला त्या दिवशी मी छातीचं कवच घातलं होतं, डॉक्टर म्हणाले नाहीतर फासळ्या गेल्या असत्या. गाडी जुनी चालेल, बूट जुने चालणार नाहीत.

गाडी म्हणून सुरुवातीला हिरोची सेकंडहँड एक्सपल्स २०० घे. यामाहाची आरएक्स १०० कापून डर्ट बाईक करायचं तुझ्या मनात आहे, ते सोडून दे. आम्ही त्या काळात केलं कारण तेव्हा त्या रस्त्यावर ढिगाने होत्या. १९९६ नंतर बनलीच नाही ती गाडी, आज धड आरएक्सला लोक वाट्टेल ते पैसे देतात, आणि एक कापली की एक कमी होते. परदेशी मोटोक्रॉस बाईकला कित्येक लाख लागतात, तिचं नाव दोन वर्षं काढू नकोस. एक्सपल्स पडते, उचलायची, हँडल सरळ करायचं, परत पळवायची. त्यावर तुझं उभं राहणं, ब्रेकिंग, घसरत्या मातीत नजर कुठे ठेवायची, हे पक्कं होईल. देशी गाड्यांचे आणि नवख्यांचे वर्ग वेगळे असतात, त्यात उतर. अधिकृत स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन्स लागतं, त्याला वैद्यकीय तपासणी लागते. कुणी म्हणालं "लायसन्सची गरज नाही, फक्त एन्ट्री फी भर", तर तिथे ॲम्ब्युलन्स उभी आहे का ते आधी बघ. मी अशा एका मैदानावर पडलो होतो, दवाखान्यात मला टेम्पोत घालून नेलं.

सराव कुठे करायचा, हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. येऊरच्या जंगलात जाऊ नकोस, ते राष्ट्रीय उद्यान आहे. खाडीकाठची खारफुटी आणि मिठागरंही नाहीत. पाम बीच रोडवर रात्री जे चालतं त्याला मी रेसिंग म्हणत नाही. कायद्यानेही तो गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्यासाठीच आहे, आणि तिथे मेलेली दोन पोरं माझ्या ओळखीची होती. भात कापून झाल्यावर मुरबाड, बदलापूर, कर्जत बाजूला शेतकऱ्याला विचारून, त्याला भाडं देऊन रिकामं शेत मिळतं. दोघंतिघं मिळून घ्या, बांध मोडू नका, निघताना चरे बुजवून या. लाईट नसलेली गाडी रस्त्याने चालवत न्यायची नाही. छोटा हत्ती करायचा, पट्ट्यांनी बांधायची.

रेसिंगमधून पोट भरेल का? फार थोड्यांचं भरतं. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही जगातली खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय, हरिथ नोआ २०२४ मध्ये तिथे रॅली-२ वर्गाचा विजेता. दोघंही आधी देशातल्या सुपरक्रॉसमध्ये वर्षानुवर्षं घासून मग कंपनीच्या संघात गेले. चोवीसव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने त्या नोकरीच्या भरवशावर राहू नये. पण रेसिंग तुला दुसरं काही देतं. बारा मिनिटांच्या हीटमध्ये इंजिनचं जे होतं ते रस्त्यावर पाच वर्षांत होतं. काय ढिलं होतं, काय तापतं, कुठला बोल्ट वायरने बांधायला हवा, हे मी तिथे शिकलो, आणि आज माझं गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

माझ्या गाळ्याचं भाडं निघतं ते मुख्यतः ऑफ-रोड जीपवर. महिंद्राच्या एमएम ५४०, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या २११२ सीसी डिझेल इंजिनवाल्या, आणि मारुती जिप्सी. सप्टेंबरपासून रांग लागते. पावसात ओढ्यातून गाड्या घातलेल्या असतात, मालकाला वाटतं धुतली की झालं. मी डिफरन्शियलचा ड्रेन प्लग काढून खाली पांढरं भांडं धरतो. चहासारखं दुधाळ ऑइल आलं की त्यात पाणी शिरलेलं असतं, आणि ते तसंच राहिलं तर दिवाळीपर्यंत बेअरिंगं जातात. मालकाला ते भांडं दाखवलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. चाकाची हब बेअरिंगं, ब्रेक ड्रममधला चिखल, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, ब्रीदर पाईप वर उचलणं, हे काम दरवर्षी परत येतं. रिस्टोरेशनचं तसं नाही. एक गाडी आठ महिने गाळ्यात उभी राहते, क्रोमवाला दोन महिने अडवतो, गिऱ्हाईक मध्येच पैसे थांबवतं. भांडुपच्या एपीआय कारखान्यात बनलेली एक लॅम्ब्रेटा स्कूटर माझ्याकडे तीन वर्षं होती. काम सुंदर झालं, पण त्या तीन वर्षांत तिने एक दिवसाचंही भाडं दिलं नाही.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नकोस. किती दिवस, ते तुझ्या घरावर आहे. आई-वडील कमावते असतील, घराचा हप्ता नसेल तर वर्षभरात जमेल. घर तुझ्यावर असेल तर दोन-अडीच वर्षं धर. माझी स्वतःची खूण अशी होती: सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, आणि किमान पाच गिऱ्हाइकं अशी जी न बोलावता दुसऱ्यांदा आली. तोवर साप्ताहिक सुट्टीला एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे जाऊन बस. पैसे मागू नकोस, नट-बोल्टचे पाने पुसायला दे म्हण. आणि महाप्यातल्या त्या मेंटेनन्सच्या नोकरीला कमी समजू नकोस. बेअरिंग प्रेसवर बसवणं, अलाइनमेंट, गेज वाचणं, हे तुला रोज पगार घेऊन शिकायला मिळतंय. मला डायल गेज हातात यायला चार वर्षं लागली.

या रविवारी एवढंच कर. कळव्याला जा. किक मारू नकोस, कितीही हात शिवशिवले तरी. प्लग काढ, भोकातून दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोड, तासभर थांब. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे हलव. फिरलं तर चांगलं, अडलं तर जोर लावू नकोस. दोन्ही सायलेन्सर उतरव, एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनच्या बाजूचा फोटो काढ. उभे चरे आहेत का, गंजाचा पट्टा आहे का, ते त्यात दिसेल. तो फोटो, चासी नंबरचा ठसा आणि आरसीचं पहिलं पान इथे टाक, नंबरचे शेवटचे आकडे झाकून. मी बघून सांगतो, केस फोडायला पुलर (खेचून काढायचं हत्यार) कुठला लागेल ते.